फोटो नंबर दोनशे तेरा

कॅमेरा तिपाईवर नीट उभा होता. त्याच्यासमोर पाझर तलावाचा दगडी बांध होता, आणि बांधाच्या पलीकडच्या अंगाला, पाण्याकाठच्या लव्हाळ्यात, सहादेव खराडे सर पालथे पडले होते.

सोमवार, सहा डिसेंबर १९९९. फौजदार प्रज्ञा भिंगारदिवे त्या दिवशी नगरला आईकडे जाणार होती. सहा डिसेंबर आईबरोबर काढायचा म्हणून तिनं महिनाभर आधी रजा मंजूर करून घेतली होती. सकाळी आठला फोन वाजला आणि रजा गेली. कर्जतला येऊन तिला सात महिने झाले होते. क्वार्टरमध्ये एक कॉट, एक स्टोव्ह आणि एक रेडिओ. कामाशिवाय तिच्या दारात कुणी येत नसे.

प्रेत पाहिलं होतं सरांच्या शेजारणीनं, भीमाबाईनं.

"काल दुपारी भाकरी ठिवली हुती त्यांच्या दारात," ती म्हणाली. "आज सकाळी बघते, तर फडकं तसंच बांधल्यालं. म्हनून इकडं आले. त्यांचा जीव हितंच हुता, या तळ्यावर."

"काल दिवसभरात दिसले होते?"

"न्हाई."

"मग कालच शोधलं का नाही कुणी?"

भीमाबाई पदराशी चाळा करत राहिली. "कदी कदी दोन दोन दिस दिसायचे न्हाईत. आमी म्हनायचो, असतील पाखरांमागं. एकट्या मानसाचं कुनाला काय कळतं, बाई?"

सर विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. बायको वारलेली, एकुलती मुलगी माधुरी अमेरिकेत. मे महिन्यात तिनं हा कॅमेरा पाठवला होता. मुठीत मावणारा, रोल न लागणारा, डिजिटल. अख्ख्या तालुक्यात तसा दुसरा नव्हता.

पंचनामा झाल्यावर प्रज्ञानं बटण दाबलं. मागच्या छोट्या पडद्यावर शेवटचा फोटो उमटला. नंबर २१३. सर बांधावर उभे, मागं पाणी, पाण्यापलीकडं एकटी बाभूळ. चेहऱ्यावर सोनेरी ऊन. सर मनापासून हसत होते. खाली तारीख आणि वेळ होती: पाच डिसेंबर, संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं.

"झालं की मॅडम," हवालदार रामहरी म्हणाला. "टायमर लावला, पळत जाऊन हुभे राहिले, आन् पाय घसरला. डोकं दगडावर. फोटूच साक्षीला हाय."

डॉक्टरांच्या अहवालातही फार वेगळं काही नव्हतं. डोक्याच्या मागं खोल जखम. प्रेत गार पाण्यात होतं, त्यामुळं मृत्यूची वेळ नक्की सांगता येत नव्हती. पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

प्रज्ञानं ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. संध्याकाळी पाचपर्यंत हा माणूस नुसत्या चहावर होता?

सरांच्या खिशात एक छोटी डायरी सापडली होती. पानं भिजून चिकटली होती, पण सगळं पेन्सिलनं लिहिलेलं, त्यामुळं अक्षर शाबूत होतं. ती पानं टेबलावर वाळत टाकून प्रज्ञा तालुक्यातल्या एकमेव माणसाकडं गेली ज्याच्याकडं सरांचं जाणं-येणं होतं.

श्रीमंत लाढाणेचा स्टुडिओ बाजारपेठेत होता. दारासमोरच मोठ्या चौकटीत एक फोटो टांगलेला होता. माळरानावर लांडगी, तिच्या पायांशी दोन पिल्लं. खाली पेपरचं कात्रण: पुण्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस, छायाचित्रकार श्रीमंत लाढाणे.

"सर गेले, माझा तर हातच मोडला," श्रीमंत म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "त्यांच्या कॅमेऱ्यातलं ते फोटोंचं कार्ड मीच पुण्याला नेऊन फोटो छापून आणायचो."

"तो कॅमेरा तुम्हाला चालवता येतो?"

"छे हो. आम्ही रोलवाले. त्या बटणांतलं मला काही कळत नाही."

"काल कुठं होतात?"

"बेलापूरला, लग्नात. दुपारी साडेबाराच्या मुहूर्तापासून रात्री वरात निघेपर्यंत. शंभर माणसं सांगतील."

"वऱ्हाडाबरोबर गेलात?"

"वऱ्हाड सकाळी सहालाच गेलं. मी मागनं मोटरसायकलवर गेलो. नगरला रोल घ्यायचे होते." त्यानं मनगटाकडं पाहिलं. "माफ करा मॅडम, अकरा वाजून अकरा झाले, मला निघायला हवं."

प्रज्ञाच्या घड्याळात अकरा वाजून आठ झाले होते. "घड्याळ पुढं आहे तुमचं."

"तीन मिनिटं. मुद्दाम ठेवतो. मुहूर्त फोटोग्राफरसाठी थांबत नाही."

दुपारपर्यंत डायरी वाळली. प्रज्ञा वाचायला बसली आणि चहा गार झाला.

ती एका विद्यार्थ्याची वही होती. सर बासष्टाव्या वर्षी पुन्हा शिकायला बसले होते. कॅमेऱ्याचं इंग्रजी माहितीपुस्तक त्यांनी रोज दोन पानं याप्रमाणे वाचलं होतं आणि प्रत्येक बटणाचा प्रयोग केला होता. 'पांढरा बगळा: कॅमेऱ्याच्या मनाने काढला तर करडा येतो. उजेड एक पायरी वाढवला. पिसे दिसली.' 'सावलीत रंग निळे येतात. पांढरा रुमाल दाखवून रंग जुळवला.' 'टायमर लावून स्वतःचा काढला. परीक्षेला बसल्यासारखा दिसतो. पुसला.' प्रत्येक फोटोचा नंबर, वेळ, उजेड, तिथल्या तिथं लिहिलेलं.

मधूनच कॅमेऱ्याबाहेरची एखादी ओळ यायची. 'आज कुणाशी बोललो नाही. फोटो अकरा.'

जुलैत एके ठिकाणी लिहिलं होतं: 'श्रीमंतला सगळी बटणे दाखवली. तासात शिकला. माझ्यापेक्षा हुशार.' ऑगस्टमध्ये: 'नंबर १४७. लांडगी व दोन पिल्ले. सहा दिवस बसलो, सातव्या दिवशी आली.' एक डिसेंबरला: 'एकाशी बोललो. रविवारपर्यंत थांबतो म्हटले.'

शेवटचं पान रविवारचं, पाच डिसेंबरचं होतं. 'सकाळी रेडिओच्या ठोक्यांवर कॅमेऱ्याचे घड्याळ लावले.' आणि खाली: 'नंबर २१२. ७ वा. ५ मि. करकोचे, धुके.'

२१३ ची नोंद नव्हती.

संध्याकाळच्या बातम्यांना प्रज्ञानं क्वार्टरवरचा रेडिओ लावला आणि कॅमेऱ्याचं घड्याळ समोर धरलं. ठोके पडले. कॅमेरा तीन मिनिटं पुढं होता.

मग सरांच्या घरी सापडलेलं दुसरं कार्ड घालून तिनं कॅमेरा स्टुलावर ठेवला, टायमर लावला आणि कॉटवर जाऊन बसली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला. दहा सेकंद ती त्या दिव्याकडं बघत राहिली. सात महिन्यांत तिचा काढलेला तो पहिलाच फोटो. तिनं तो पाहिला. डोळे सरळ भिंगावर रोखलेले, ओठ मिटलेले. पुन्हा काढला, तसाच आला. हसायचा प्रयत्न करून काढला, तर आणखी वाईट आला.

तिनं पहिलं कार्ड परत घातलं आणि सरांचा फोटो मोठा करून त्यांचे डोळे पाहिले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी ती रामहरीला घेऊन तळ्यावर गेली. बाभूळ बरोबर मागं येईल अशा जागी त्याला उभं केलं आणि पाच वाजून बारा मिनिटांनी बटण दाबलं. पडद्यावर पाणी लखलखत होतं आणि रामहरीच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता.

"माजं तोंडच आलं न्हाई की!"

"उद्या सकाळी परत यायचंय," प्रज्ञा म्हणाली.

बुधवारी दुपारी श्रीमंत लाढाणे पोलीस ठाण्यात तिच्या समोर बसला होता. रामहरी दाराशी उभा होता.

"श्रीमंतभाऊ, फोटो काढून घेणारा माणूस कुठं बघतो?"

"कॅमेऱ्याकडं."

"टायमर लावला असेल तर कॅमेऱ्याकडंच बघतो. दुसरं बघायला कुणी नसतं. सर कॅमेऱ्याच्या वीतभर वर बघताहेत. हा कॅमेरा छातीशी धरून मागच्या पडद्यात बघून फोटो काढतात. वीतभर वर काढणाऱ्याचा चेहरा असतो. सर एका माणसाकडं बघून हसताहेत."

"असेल कुणीतरी. संध्याकाळी मी बेलापूरला होतो."

"फोटो संध्याकाळचा नाहीच." तिनं रामहरीचे दोन फोटो पडद्यावर दाखवले. "सरांच्या मागं बाभूळ आहे, ती पश्चिमेला. संध्याकाळी सूर्य त्यांच्या पाठीशी असतो, चेहरा काळा पडतो. सकाळी पावणेआठच्या सुमाराला काढला, तर हुबेहूब सरांच्या चेहऱ्यावरचं ऊन मिळतं. संध्याकाळी पाचचं आणि सकाळी पावणेआठचं ऊन सारखंच कोवळं, सारखंच पिवळं. कोणत्या दोन वेळांचं ऊन जुळतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. पण वीस वर्षांची सवय आड आली. माणसाच्या तोंडावर उजेड घ्यायचा. तुम्ही सरांना सूर्याकडं तोंड करून उभं केलंत."

श्रीमंतनं ओठांवरून जीभ फिरवली.

"काढलेल्या फोटोवरची वेळ नंतर बदलत नाही. म्हणून तुम्ही आधी घड्याळ पाच बारावर नेलंत, मग फोटो काढलात. बटणं दाबताना सरांना वाटलं असेल, तुम्ही उजेड जुळवताय. त्यांनीच शिकवलं होतं तुम्हाला. आणि तुम्ही मला सांगितलंत, त्यातलं काही कळत नाही. नंतर घड्याळ पुन्हा बरोबर केलंत आणि कॅमेरा तिपाईवर चढवलात. सरांनी त्याच दिवशी सकाळी रेडिओवर घड्याळ लावलं होतं. परवा ते तीन मिनिटं पुढं होतं. हात टेबलावर ठेवा."

श्रीमंतनं हात ठेवला नाही. रामहरीनं त्याचं मनगट धरून पुढं केलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते. मनगटावर दोन वाजून तीन मिनिटं.

"दुपारची भाकरी तशीच राहिली, पोटात नुसता चहा होता, कारण सर दुपारपर्यंत जगलेच नाहीत. आठला निघून तुम्ही मुहूर्ताला बेलापूर गाठलंत. आणि कारण तुमच्या दारासमोर टांगलंय. ती लांडगी सरांची आहे, नंबर एकशे सत्तेचाळीस."

श्रीमंतनं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "वीस वर्षं लग्नं काढली, मॅडम. अल्बमवरचं माझं नाव कुणी वाचलं न्हाई. ते एक नाव पेपरात आलं आन् लोक दुकानात येऊन हात मिळवायला लागले. आईनं ते कात्रण देवाजवळ ठेवलं."

"सर काय म्हणाले होते?"

"म्हणाले, रविवारपर्यंत तूच पत्र लिहून खरं सांग, न्हाईतर मी लिहीन. रागवले सुदीक न्हाईत." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी तळ्यावर जाऊन म्हटलं, सर, लिहिलं पत्र. लई खूश झाले. मी म्हटलं, सर, तुमचा एक फोटो काढतो. काढला. मग म्हटलं, आणखी एक, जरा मागं सरा. ते सरले. आन् मी ढकललं."

शनिवारी माधुरी आली. विमानतळावरून ती सरळ ठाण्यात आली होती. अंगावर जाड स्वेटर, तो काढायचं तिला भान नव्हतं. कॅमेरा खटल्यापर्यंत मिळणार नव्हता, म्हणून प्रज्ञानं पुण्याहून छापून आणलेली फोटोची प्रत तिच्यापुढं ठेवली.

"त्यानंच काढलाय ना हा?" माधुरीनं विचारलं.

प्रज्ञाला खोटं बोलावंसं वाटलं. "हो," ती म्हणाली.

माधुरीनं फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. वडिलांचा चेहरा ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"चांगला काढलाय," ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला.

प्रज्ञानं उठून दार लोटून घेतलं. टेबलापलीकडची आपली खुर्ची उचलून तिनं माधुरीच्या शेजारी आणून ठेवली आणि ती तिथं बसून राहिली.