धोंडेमाळचा कडू पाला

प्रयोगशाळेतल्या खुर्च्या गुबगुबीत होत्या आणि चहा पांचट. वैजयंताबाई खरमाटे यांनी एक घोट घेऊन कप बाजूला सारला.

“सही कशाला पाहिजे ते आधी सांगा. चहा पाजून सही घेणारी माणसं मी लई बघितल्यात.”

समोर प्रकल्पप्रमुख पोंक्षे आणि भाषाशास्त्रज्ञ डॉ. ग्लॅडिस डाबरे बसले होते. धोंडेमाळच्या काळ्या कातळात, आठशे मीटर खोल, अणुभट्ट्यांची किरणोत्सारी राख पुरायची होती. ती दहा हजार वर्षं मारक राहणार. खणलं नाही तर वर धोका नव्हता, पण खणायला वर माणूसच नको, म्हणून गाव उठवायचं आणि मागे एक इशारा-शिळा उभी करायची: इथे खणू नका. शिळेवरच्या मजकुराला गावाच्या प्रतिनिधीची संमती कायद्यानं लागत होती. गावानं वैजयंताबाईंना पाठवलं. शाळा चौथीपर्यंत, पण त्यांच्या तोंडापुढे अख्ख्या गावात कुणी टिकलेलं नव्हतं. सोबत नात ईश्वरी होती. महिन्याभरात ती नोकरीसाठी डेन्मार्कला निघायची होती.

“दहा हजार वर्षं गेली तरी धोंडेमाळ मोकळं पडणार न्हाई,” बाई म्हणाल्या. “लिहून घ्या.”

पोंक्ष्यांनी खरंच लिहून घेतलं. बैठकीतला शब्द न् शब्द इतिवृत्तात घालायची त्यांना सवय होती.

“आक्का, भांडण नंतर करू,” डॉ. डाबरे म्हणाल्या. “आधी आमची अडचण ऐका. लॅटिन म्हणून एक जुनी भाषा होती.”

“मेली न्हवं ती?”

“मेली. पण इंग्रजीतले निम्म्याहून जास्त शब्द तिचेच वंशज. आम्हाला वाटलं, जे दोन हजार वर्षं टिकले ते पुढंही टिकतील. तेच शिळेवर कोरू.”

“मग कोरा की.”

“शब्द टिकतात हो. अर्थ टिकत नाही. पॉयझन म्हणजे काय?”

“इख. फवारणीच्या बाटलीवर असतं.”

“तो लॅटिन पोतिओपासून आला. पोतिओ म्हणजे नुसतं पेय. मग झाला औषधाचा काढा, मग मंतरलेला काढा, मग विष.”

वैजयंताबाईंनी चहाच्या कपाकडे पाहिलं. “खोटं न्हाई.”

“डेंजर आला दोमिनुसपासून. दोमिनुस म्हणजे मालक. मालकाच्या कह्यात सापडणं, ते डेंजर.”

“हे कळायला लॅटिन कशाला? चाळीस वर्षं संसार केलाय मी.”

पोंक्ष्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. डॉ. डाबरे मात्र मोकळेपणी हसल्या आणि पुन्हा गंभीर झाल्या.

“आता शेवटचा. मोनेरे म्हणजे बजावणं, आठवण देणं. त्यापासून मॉन्युमेंट. ईश्वरी, आज मॉन्युमेंट म्हणजे काय?”

“जिथं जाऊन फोटो काढतात,” ईश्वरी म्हणाली.

“हीच आमची शिळा.”

त्यांनी भिंतीवरचा पडदा उजळवला. यंत्राचं नाव अर्थदर्शी. दोन हजार वर्षांतलं लॅटिन आणि तिच्या पोटचे शब्द त्याला शतकाशतकानं भरवले होते. हवामानाचं यंत्र जसं पुढचा पाऊस सांगतं, तसं हे शब्दाचा पुढचा अर्थ सांगायचं. इशारा-शिळा त्याच्यापुढे हजार वेळा उभी केली. बहुतेक वेळा सहाशे वर्षांत ती कुणाला वाचता येईना. मग लोक ती बघायला येऊ लागले. मग खणू लागले.

“का खणतात, ते यंत्राला सांगता येत नाही,” पोंक्षे म्हणाले.

बाई खदखदून हसल्या. “आवं साहेब, धोंड्यावर अक्षर दिसलं की खाली गुप्तधन! आमच्या माळावरचा वीरगळ तीनदा उपटलाय लोकांनी. तुम्ही कोरा, कुदळवाले रांग लावतील.”

पोंक्ष्यांनी कपाळाला हात लावला. इतकी हुशार माणसं, पण शिकलेल्या माणसाला लिहिलेल्याचा भारी भरवसा.

“आमची बुजवलेली विहीर ठावं हाय का?” बाईंनी विचारलं.

“आहे ना. शेजारी बोअर घेतला, तर खालच्या पाण्यात सोमल निघाला, आर्सेनिक. गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेनं शोधला.”

“मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं सांगितला.”

पोंक्ष्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. विहिरीतल्या गाळाचं वय त्यांनीच काढलं होतं: साडेतीनशे वर्षं. तिच्यावर एक अक्षरही कोरलेलं नव्हतं, आणि साडेतीनशे वर्षांत ती कुणी उकरली नव्हती.

“सासू नव्या सुनेला तिथं नेती,” बाई सांगू लागल्या. “कडूलिंबाचा पाला चावायला देती आणि सांगती, ह्यात मरण हाय, का हाय, कोण मेलं. मग सुनेनं ते आपल्या शब्दांत सांगायचं. सासूचेच शब्द पोपटासारखे म्हटले की परत पाला. मी तीनदा चावला. सासू खडूस होती.”

डॉ. डाबरे उठून उभ्या राहिल्या.

“माझी पणजी वसईला लॅटिन प्रार्थना म्हणायची,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “एक अक्षर चुकायची नाही. अर्थ तिला आयुष्यभर ठाऊक नव्हता. पोंक्षे, आपण उलटं करत होतो! नक्कल केली की शब्द टिकतो आणि अर्थ झिजतो. आपल्या शब्दांत सांगायचं, तर आधी समजावं लागतं. यांनी शब्द जाऊ दिले, अर्थ ठेवला.”

त्यांनी पडद्यावरची शिळा पुसली आणि कडू पाल्याची रीत अर्थदर्शीला भरवली. सगळे पडद्याकडे बघत राहिले. हजारातल्या नऊशे चाळीस वेळा अर्थ दहा हजार वर्षं शाबूत राहिला. उरलेल्या साठ वेळांचं कारण एकच होतं. गाव रिकामं पडलं होतं.

“म्हणजे गाव उठवायचं नाही,” पोंक्षे सावकाश म्हणाले. “हुकूम रद्द करावा लागेल.”

“म्हटलं न्हवतं!” बाईंनी मांडीवर थाप मारली.

ईश्वरी मात्र हसली नाही. “आजी, नीट ऐक. उठवायचं नाही म्हणजे उठताही येणार नाही. दुष्काळ येऊ दे, काही होऊ दे. कुणीतरी कायम तिथं राहायचं. सांगणारं.”

पोंक्ष्यांनी इतिवृत्ताचं पान बाईंपुढे सरकवलं. पहिल्या कलमासाठी वेगळं वाक्य शोधायची गरजच नव्हती. ते तिथं सकाळपासून लिहिलेलं होतं: दहा हजार वर्षं गेली तरी धोंडेमाळ मोकळं पडणार नाही.

बाईंनी ते बोट ठेवून वाचलं. हट्ट त्यांचा होता. तो पुरवायचा होता नातवंडांच्या नातवंडांनी, ज्यांची भाषासुद्धा त्यांना कळली नसती.

“मोडायचं असेल तर आत्ताच मोडा,” डॉ. डाबरे म्हणाल्या.

“खरमाट्यांच्या घरात बोललेलं मोडत न्हाईत.” त्यांनी सही केली, अक्षर न् अक्षर दाबून. मग खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बोट केलं. “ईश्वरी, डहाळी आण.”

“मी सून थोडीच आहे? मला कधी पाला दिला नाहीस.”

“लेकी जातात म्हणून देत न्हवते. चुकलंच ते. आण.”

ईश्वरीनं पाला आणला, चावला. डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकली नाही.

“बोल. माझे शब्द वापरलेस तर परत चावायला लावीन.”

“खाली आमची घाण आहे,” ईश्वरी म्हणाली. “दिवे आम्ही लावले, राख तुमच्या पायाखाली ठेवली. ती दिसत नाही, वास येत नाही. उकरलीत तर आधी तुमची लेकरं जातील.”

तिनं तोंडातला उरलेला पाला गिळला.

“आणि मी डेन्मार्कहून परत येईपर्यंत तू मरायचं नाहीस.”

बाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि मान वळवली.

“लिहून घ्या, पोंक्षे. हे दुसरं कलम.”