तळ्याच्या वाटेवरची सोबत

चष्मेवाल्याला पळायचं वेड लागलं ते पन्नाशी उलटल्यावर. दिवसभर दुकानात बसून भिंगं घासायची, त्यामुळे पोट सुटलेलं, आणि जिना चढताना धाप लागायची. बायकोने एकदा त्याची लग्नातली पँट कपाटातून काढून नुसती त्याच्यासमोर धरली. दुसऱ्या दिवसापासून तो पळायला लागला.

वाट छोटीच होती. घरापासून वर डोंगरातल्या तळ्यापर्यंत आणि पलीकडच्या उताराने परत, जेमतेम चार किलोमीटर. दोन चढ बेताचे, तिसरा मात्र घाम काढणारा. पहिला महिनाभर तो चढ त्याने चालतच काढला. पण तांबडं फुटताना पाण्यावरून धुकं उठायला लागलं की वाटायचं, माणसाला आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या महिन्यात त्याला सोबत मिळाली.

म्हणजे पावलं आली. तिसऱ्या चढाच्या पायथ्याशी, मागून, दहाबारा हातांवर. एका लयीत, ना धाप ना घाई. त्याने बाजूला होऊन वाट दिली, तर पुढे कोणीच गेलं नाही. वळून पाहिलं, तर रस्ता रिकामा. छातीत धस्स झालं खरं. पण तो पुन्हा पळायला लागला तशी पावलंही लागली, आणि त्यांच्या तालावर तो चढ त्याने पहिल्यांदाच न थांबता पार केला. आठवडाभरात भीती मोडली. पावलं तळ्यापर्यंत यायची आणि तिथेच राहायची. सोबत मिळाली आहे, एवढं त्याने घरी सांगितलं. कोण, कुठला, असं बायकोने विचारल्यावर म्हणाला, फारसा बोलत नाही. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला, झोप गाढ लागायला लागली. दिवस मजेत चालले होते.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. शेवाळाचा थंड वास पार चढापर्यंत आला होता. तळ्याशी तो नेहमीसारखा थांबला. पावलं थांबली नाहीत. त्याच्या खांद्याला लागून पुढे गेली... गवतावरून लाकडी धक्क्याच्या फळ्यांवर. धप्, धप्, धप्. सोबती आज पहिल्यांदाच पुढे होता, म्हणून याचेही पाय आपसूक त्याच्यामागे निघाले. अंग पिसासारखं हलकं झालं होतं. फळ्यांचा आवाज संपला तरी पुढची पावलं वाजतच होती, फक्त आता मऊ, ओलसर.

"अहो... थांबा."

धक्क्याला बांधलेल्या होडीतलं पाणी नावाडी उपसत होता. चष्मेवाल्याने खाली पाहिलं. एक पाय शेवटच्या फळीवर होता, दुसरा पाण्यावर अधांतरी.

नावाड्याने दंडाला धरून त्याला मागे ओढलं, बसवलं. धक्क्याकडे एकदा वळून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "एकटेच आलात ना?"

"का?"

"काही नाही... धक्का दोघांच्या वजनाने हलत होता."

घरी त्याने पाय मुरगळल्याचं सांगितलं आणि पळणं आता बंद, असं ठरवूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत तो अंथरुणात पडून राहिला. मग चहा घेऊन खिडकीशी बसला. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, बायको काहीतरी गुणगुणत होती. जीव वाचला, घर आहे, चहा गरम आहे. त्याला मनापासून बरं वाटलं.

गुणगुणणं थांबलं.

"अहो, तुमचा तो सोबती आलाय वाटतं. फाटकाबाहेर जागच्या जागी पळतोय, ऐका. आत बोलावू का?"

"नको," तो कसाबसा म्हणाला. "आत... नको बोलावूस."

दोघंही ऐकत राहिली. फाटकाची कडी वाजली नाही. फाटक उघडलंही नाही. पण पावलं आता अंगणातल्या खडीवर वाजत होती, एका लयीत, ना धाप ना घाई.