चार हजार एकशे सतरावा फोटो

“मामा, खरी गोष्ट सांग हं. मागच्या वेळची तू रचलेली होतीस,” मोठा भाचा म्हणाला.

“रचायला मी काय गवंडी आहे?” मामांनी पाय वर घेऊन मांडी घातली. जेवणं आटोपली होती. गच्चीवर चौघं भाचरं त्यांना चिकटून बसली होती. “हे माझ्या ओळखीच्या पोराच्या बाबतीत घडलंय. छापखान्यात कामाला आहे. सगळे त्याला भिंग म्हणतात. फोटो दिसला की नाक टेकवून बघतो. स्वतःच्या लग्नात नवरीकडे बघायचं सोडून फोटोग्राफरला म्हणाला, उजेड डावीकडून घे.”

पोरं हसली. मामाही हसले आणि सांगू लागले.

गेल्या मार्चमधली बारा तारीख, गुरुवार. कापडाच्या कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून पुस्तक निघायचं होतं. संध्याकाळी कारखान्याचा शिपाई एक हार्ड डिस्क देऊन गेला. तिच्यात सहा हजार दोनशे फोटो. काही पिवळे पडलेले, काही तांबूस, काही कालपरवाचे झगझगीत. पुस्तकात एकसारखे दिसावेत म्हणून सगळेच ब्लॅक अँड व्हाइट करायचे होते, सकाळी सातच्या आत.

काम तसं बसून राहण्याचं. संगणकाला एकदा सांगितलं की तो एकामागून एक फोटोतला रंग काढत जातो. माणसाने फक्त तो मध्येच अडत नाही ना, एवढं बघायचं.

“शटर बाहेरून लावून जातो,” छापखान्याचे मालक म्हणाले. कागदाचे गठ्ठे चोरीला गेल्यापासून त्यांची ही रीतच होती. “तू आहेसच आत, चोराला घाबरवायला.”

“आणि मला भीती वाटली तर?”

“तर फोटोतल्या माणसांशी गप्पा मार.”

कुलूप खट्कन लागलं. पावणेदहा वाजले होते. खोलीला दुसरं दार नाही. मागे एक खिडकी, तिला लोखंडी गज.

भिंगने चहा घेतला. पडद्यावर फोटो सरकत होते. यंत्रं, फाटक, बक्षीस समारंभ. रंग जात होता, आकडा वाढत होता. साडेअकराला आकडा थांबला. चार हजार एकशे सतरा.

त्याने तो फोटो उघडला. एका खोलीत तीन बाक, त्यांवर अठरा बायका. सगळ्या कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या. त्यांच्या मागे दार. बंद.

भिंगने खोली लगेच ओळखली, गावात तिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ही पॅकिंगची खोली. तीस वर्षांपूर्वी तिला आग लागली, तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. बायका वेळेआधी घरी पळतात म्हणून सुपरवायझर लावायचा. चावी त्याच्या खिशात, आणि तो जेवायला गेलेला. अठरातली एकही...

मामा तांब्यातलं पाणी प्यायले.

“बिचाऱ्या,” भिंग स्वतःशीच म्हणाला, आणि तोच फोटो त्याने पुन्हा लावला. या वेळी रंग गेला. पण मागच्या बाकावरच्या एकीचा चेहरा दिसेना. चेहऱ्याच्या जागी अंबाडा होता.

ती वळली होती. दाराकडे.

डोळे थकले असतील. त्याने फोटो परत लावला. आता सहा जणी वळलेल्या. परत. बारा. त्याने काम थांबवायचं बटण दाबलं. थांबेना. फोटो आपोआप होत राहिला. पुन्हा... पुन्हा...

शेवटी अठरा पाठी. चेहरा एकही नाही.

त्याने वायर उपटली. पडदा काळा झाला.

आणि शटर वाजलं.

आतून.

भिंग खुर्चीतच होता. ट्यूबलाइट चालू होती, सगळं लख्ख दिसत होतं. शटरपाशी कोणी नव्हतं. तरी पत्रा हलत होता. एक तळहात आपटल्यासारखा. मग दुसरा. मग पुष्कळ...

त्याने मालकांना फोन लावला. “मालक, उघडा. आत्ता या.”

“अरे, हा कसला गोंगाट? एवढ्या बायका कुठून आणल्यास आत?”

“मी एकटा आहे.”

मग मालक अगदी हळू म्हणाले, “मी... सकाळी येतो.”

फोन बंद.

खिडकी उघडली. हवा आत येईना. घशात धुराची चव. धूर कुठेच नाही. शटरला बोट लावलं. चटका बसला. सकाळ व्हायला सहा तास होते, आणि त्याला पुढचा श्वास पुरत नव्हता.

बराच वेळ तो टेबलाखाली अंग चोरून बसला. आणि तिथे बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं, पोरांनो... त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. त्यांना बाहेर जायचं होतं. त्यालाही.

तो उठला. त्यांच्या शेजारी, म्हणजे जिथे त्या असतील तिथे, जाऊन उभा राहिला. हात भाजत होते. तरी दोन्ही हातांनी शटर बडवू लागला.

“उघडा! आम्ही आत आहोत! उघडा!”

आम्ही, म्हणाला तो.

समोरच्या बेकरीची भट्टी रात्रीच पेटते. बेकरीवाला पहार घेऊन धावला. कुलूप तोडलं. शटर वर गेलं तेव्हा पाऊण वाजला होता.

भिंग बाहेर कोसळला. बेकरीवाला मात्र त्याला उचलायला पुढे झाला नाही. भिंतीला चिकटून उभा राहिला, वाट दिल्यासारखा. कितीतरी वेळ.

“असे का उभे राहिलात?” भिंगने नंतर विचारलं.

“काय माहीत. खूप जणी बाहेर पडतायत, असं वाटलं.”

धाकटी भाची कुजबुजली, “मग?”

मामा उठून खाली गेले. आले ते एक तसबीर घेऊन.

“त्या फोटोची एकेक प्रत कारखान्याने त्या अठराही जणींच्या घरी दिली होती. दुसऱ्या बाकावर, डावीकडून तिसरी, तुमची थोरली मावशी. तुमच्या आईची आणि माझी ताई. तुमची आजी रोज ही तसबीर पुसायची. आजी गेली तशी मी कपाटात ठेवून दिली. भिंगने हे सगळं सांगितलं, त्या दिवशी बाहेर काढली.”

मोबाइलचा उजेड पडला. चारही डोकी वाकली.

रंग जसेच्या तसे होते. पिवळसर भिंत. तपकिरी बाक, तिन्ही रिकामे. आणि मागे ते दार... सताड उघडं. पलीकडे ऊन पडलेलं.