काटा शून्यावर येईना

"अंगदनं कडा गावाहून आणलेल्या जीपमधी एक बाळंतीण मेलती म्हणं, आन् तिची..." गिरणीत संगीता एवढंच बोलली आणि मला बघून गप्प झाली. शेजारघरची गोष्ट अर्धी ऐकली की मला भाकर गोड लागत नाही. दळण तिथंच ठेवून मी सरळ अंगदच्या अंगणात गेले.

त्याच्या बायकोला, वैष्णवीला, नववा सरत आलेला. दुपारपासून कंबर धरून बसलेली. तिला अंबाजोगाईला न्यायचं होतं आणि जीपचा तेलाचा लाल दिवा विझत नव्हता. आप्पाराव मिस्त्री इंजिनाला दाबाचं मीटर जोडत होता.

"तेलाला दाब नसंल तर इंजिन वाटंतच जाम हुईल. मग बसा रस्त्यात बाळंतपण करत."

गाडी चालू केली. काटा चढला, पडला. चढला, पडला.

"बंद कर."

अंगदनं चावी काढली. इंजिन थांबलं. काटा मात्र तसाच... चढत, पडत.

"मीटर गंडलं का बे?" अंगदनं विचारलं.

आप्पाराव गाडीखाली सरकला. त्यानं तेलाचा बोल्ट काढला. घमेल्यात खरवसासारखं पिवळट, थुलथुलीत काहीतरी सावकाश उतरलं.

"तेलात पाणी गेलं की दुधाळ हुतं," तो पुटपुटला. "पण ह्या तांबड्या शिरा..."

वास कच्च्या दुधाचा, आंबलेल्या रक्ताचा. वर साय धरली आणि मधोमध फुगली. पदर नाकाला लावला तरी जिभेवर चव आली. मी कण्हेरीखाली ओकले.

"पोरीला ह्यात बसवायचं न्हाई," मी म्हणाले.

"काकू, गावभर सांगू नका म्हंजे झालं," म्हणत अंगदनं रिक्षा बोलावली. वैष्णवीला मीच हाताला धरून बसवलं. दोघं गेली.

जीपच्या मागच्या काचेवर आधीच्या मालकाचा नंबर अजून होता. मी लावला आणि मेलेल्या बाळंतिणीचं विचारलं.

"मेली कोण म्हणतंय? ऊसतोडीची बाई हुती, गाडीतच मोकळी झाली. मायलेकरू ठणठणीत हायत."

माझा जीव भांड्यात पडला. "मग लोक तसं काहून बोलतेत?"

"बाळामागं पडती ती वार घावली न्हाई, बाई. पुरायला नको का? सीटा काढल्या, मॅट उचलली... न्हाईच."

"मग?"

"मग गाडी इकली."

मी वळून बघितलं. आप्पारावनं मीटर केव्हाच इंजिनापासून सोडवून ओट्यावर ठेवलं होतं. काटा हलत होता. आणि त्याच्या मोकळ्या रबरी नळीचं तोंड, अंगावर पिणाऱ्या लेकरासारखं, उघडमीट करत होतं.