उलट्या हाताची खूण

हिंगणघाटच्या त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात पियुष पोचला तो भर दुपारी, आणि पोचल्याबरोबर त्याच्या हातात मलईचा चहा आला. एवढा चहा पाजणाऱ्या माणसाला आपल्याकडून काय हवं असतं, हे वीज-तपासनिसाच्या दोन वर्षांच्या नोकरीत त्याला कळून चुकलं होतं. मालक प्रभाकररावांना विम्यासाठी कागद हवा होता: विजेची सगळी जोडणी तपासली, कुठेही धोका नाही. २००७चा जानेवारी होता. हंगाम ऐन भरात होता आणि आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती.

"मशिनी मात्र बंद नाई होनार, सांगून ठेवतो," प्रभाकरराव म्हणाले.

"बंद करूच नका शेठजी. भार असला तरच ढिला जोड तापतो. बंद मशिनीत मला काय दिसणार?"

प्रभाकरराव खूश झाले. असा शहाणा इन्स्पेक्टर त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

पियुषचा कॅमेरा विटेएवढा होता. त्यात वस्तू दिसायच्या त्या त्यांच्या उबेनं. जितकं गरम तितकं पांढरं, जितकं गार तितकं काळं. मीटरखोलीत नत्थू वायरमन त्याच्या मदतीला होता. जरा कुणी शिकायला तयार दिसलं की पियुषला मास्तरकी करायची खोड होती. झाकण उघड, तो म्हणाला, हा कॅमेरा पत्र्याच्या आरपार बघत नाही, वरवरचीच ऊब दिसते. चकचकीत तांब्यावर काळी टेप लाव, नाहीतर ते समोर उभ्या माणसाचीच ऊब दाखवून फसवतं. आणि तिन्ही फेज, म्हणजे विजेच्या तिन्ही तारा, शेजारी शेजारी बघायच्या. एकटीच पांढरी दिसली, तर तिथे गडबड आहे.

गडबड कुठेच नव्हती. सगळ्या पॅनेलमध्ये तिन्ही फेज सारख्या निघाल्या. पियुषनं सहीसाठी खिशातलं पेन काढलं आणि शेवटचा फोटो घ्यायला कॅमेरा उचलला.

कॅमेऱ्यात पॅनेलशेजारच्या भिंतीवर चार पांढरे ठिपके दिसले. एका ओळीत बोटांची चार पेरं, खाली बोटांच्या पाठींची पुसट छाप. कुणीतरी हात उलटा करून भिंतीला टेकवला होता.

"भिंतीला हात कोणी लावला?"

"कोनीच नाई साहेब. मी तं दोन्ही हातानं झाकन धरून हाओ."

हाताची ऊब भिंतीवर मिनिटभर राहते, मग विरते. ही खूणही विरली. आणि मग फूटभर पलीकडे दुसरी उमटली. पियुषच्या डोळ्यांदेखत. तिथे कुणीही नव्हतं.

पलीकडे मशिनींची घरघर चालूच होती. सरकीचा तेलकट वास खोलीत दाटला होता.

"उलट्या हाताची हाये का?" नत्थूनं अगदी हळू विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"रूपरावभाऊ असाच उलटा हात लावून पाहे... म्हने, पंजा लावला तं करंट धरून ठेवते, उलटा हात झटका बसला का बाहेर फेकल्या जाते. माह्या आधी तोच वायरमन होता इथं. शेठजीले सांगतलं त्यानं, काईतरी गरम होऊन राह्यलं म्हून. शेठजी म्हने, हंगाम निघू दे. मग यानं चालू लाइनीतच हात घातला... याच खोलीत गेला."

खुणा कमरेच्या उंचीवरून पुढे सरकत होत्या. घाई नव्हती. एक टेकायची, विरायची, दुसरी टेकायची. कोपऱ्यात येऊन त्या थांबल्या आणि मग त्याच जागी पुन्हा पुन्हा उमटू लागल्या.

"या भिंतीपलीकडे काय आहे?"

"कापसाचा ढीग. आन् बाया बसल्या हायेत, खराब कापूस निवडत. बारा जनी. रूपरावभाऊची बायको कौशल्याबाई बी त्याईतच हाये."

पियुष घाबरला होता, चांगलाच घाबरला होता. कागदावर सगळं ठीक होतं. मशिनी थांबवल्या आणि काही निघालं नाही, तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं. पण बारा बाया म्हणजे बारा बाया.

"बंद कर सगळं," तो म्हणाला.

प्रभाकरराव ओरडतच आले. नत्थूनं तोवर कोपऱ्यातला गिलावा फोडला होता. आत केबलचा जुना जोड होता, जळून कोळसा झालेला. भोवतालच्या विटांना हात लावता येत नव्हता, पण जाड गिलाव्यातून ती ऊब वर आलीच नव्हती. प्रभाकररावांचा आवाज एकदम खाली आला.

"हे... तुमच्या कॅमेऱ्यात दिसलं?"

"हो," पियुष म्हणाला. आणखी काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीबाहेरून नवी केबल टाकून झाली. दुरुस्तीनंतर पूर्ण भारावर पुन्हा तपासायचं असतं, तसं पियुषनं तपासलं. सगळं गार. भिंतीसमोर तो दहा मिनिटं उभा राहिला. एकही खूण आली नाही. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. कौशल्याबाईला भेटावं, तुझ्या माणसानं बारा जणींना वाचवलं एवढं तरी सांगावं, असं त्याला फार वाटलं. म्हणून तो पलीकडे गेला.

बाया नाकातोंडाला फडकी बांधून ओळीनं बसल्या होत्या. नत्थूनं बोटानं पहिली दाखवली. कॅमेरा हातातच होता. सवयीनं पियुषनं तो उचलला.

कौशल्याबाईच्या कपाळावर चार ठिपके होते. चेहऱ्याहूनही पांढरे.

"मावशी... ताप आहे का अंगात?"

"नाई जी. मले काऊन ताप राहीन?"

त्यानं कॅमेरा शेजारणीवर नेला. तिच्याही कपाळावर होते. तिच्या पुढचीच्या, तिच्याही पुढचीच्या... शेवटची बाई कशावर तरी हसत होती. तो बघत असतानाच तिच्या कपाळावर चार ठिपके उमटले. तिनं नकळत पदरानं कपाळ पुसलं.

पियुषनं कॅमेरा केबलवर फिरवला, भिंतीवर फिरवला, कापसावर फिरवला. सगळं काळं, गार.

"नत्थू! बंद कर! सगळं बंद कर!"

मशिनी थांबल्या. बायांना त्यानं जवळजवळ ओढतच बाहेर आणलं, आवाराच्या पार टोकाला, जिथे ना वायर होती ना कापूस. त्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. पियुषनं कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. मिनिट झालं. दोन झाली. बाराही कपाळांवरच्या खुणा विरल्या नव्हत्या, उलट जास्तच पांढऱ्या होत चालल्या होत्या. रूपराव आता भिंत नव्हे, या बायाच तपासत होता; धोका वायरीत नव्हताच.

नत्थू धापा टाकत आला.

"मेन स्विच खाली केला साहेब," तो म्हणाला. "आता काय बंद करू?"