गुलाबाविषयी एलिसेंदाचं मत

रविवारी सकाळी रेउस गावातली सगळी माणसं एकदमच बेकरीत का जातात, हे कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही. दुपारच्या जेवणानंतर प्रत्येकाला क्रीम भरलेला तोच तो गोल केक हवा असतो आणि रांग पार चौकात येते. त्या रविवारी रांग अडली होती ती एका माणसामुळे. चांगला उंच, अंगात जुनं कॉर्डुरॉयचं जाकीट, हातात विटेएवढी कादंबरी. त्याच्या पुढची बाई केव्हाच आत सरकली होती, पण हा आपला उभाच. डोळे पुस्तकात आणि तोंड किंचित उघडं.

एलिसेंदा नेमकी त्याच्या मागे होती. तिला भूक लागली होती, आणि भूक लागली की तिच्या जिभेला लगाम राहत नाही.

“जुळी बहीण,” ती म्हणाली. “खून तिनेच केलाय. आता सरका पुढे.”

तो गर्रकन वळला. “अहो बाई! माझी अजून निम्मी पानं शिल्लक आहेत!”

“वाचवली मी तुमची निम्मी पानं. आभार माना.”

“कुणी सांगितलं होतं वाचवायला?”

“सुरुवातीलाच ती डाव्या हाताने कॉफी ढवळते. तिथेच कळायला हवं होतं.”

“मला नाही कळलं.”

“ते दिसतंच आहे.”

मागून कुणीतरी मोठ्याने खाकरलं. तो दोन पावलं पुढे गेला आणि पुन्हा थबकला. “थांबा... हा आवाज... तुम्ही त्या गुरुवारच्या ना? रेडिओवरच्या?”

आता इथे सांगायला हवं, की एलिसेंदा पोटासाठी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, पण गाव तिला ओळखतं ते गुरुवारमुळे. गावच्या रेडिओवर दर गुरुवारी सकाळी ती नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीबद्दल आपलं मत देते. लोक ज्या कादंबऱ्या उशाशी घेऊन झोपतात, सहलीला नेतात, एकमेकांना वाचायला देतात, त्याच ती उचलते आणि शांत, गोड आवाजात सोलून काढते. कापडगिरणीवाल्या घराण्याची सातशे पानी कथा वाचून ती म्हणाली होती, “या घरात एकतर कुणाला तरी दिवस जातात, नाहीतर कुणीतरी खोकून मरतं. मधल्या वेळात ते कापड कधी विणतात, देव जाणे.” समुद्रकाठी बंद पडलेली बेकरी चालवायला घेणाऱ्या घटस्फोटित बाईवर तर तिने एकाच मोसमात चार कादंबऱ्या वाचल्या होत्या. “पाचवी बाई आली,” ती म्हणाली होती, “तर त्या किनाऱ्यावर पाव खायला माणसं उरायची नाहीत.”

गाव हसायचं. अन् जरा घाबरायचंही.

“मीच ती,” एलिसेंदा म्हणाली.

“मग भरपाई द्या. शेवट खाल्लात माझा.” त्याने पुस्तक मिटून काखेत मारलं. “केक घेतला की समोरच्या बारमध्ये एकेक पेला वेर्मूत. ऑलिव्ह तुमच्याकडून.”

त्याचं नाव बर्नात. वेर्मूत म्हणजे मुळ्या-मसाले घालून मुरवलेली कडूगोड वाइन; ती मुरते अशा गावातल्याच एका तळघरात तो कामाला होता. पिंपापिंपातून चाखायचं, जिभेवर घोळवायचं आणि थुंकून टाकायचं, हेच त्याचं काम.

“म्हणजे तुमच्यासारखंच,” तो पहिल्या पेल्यानंतर म्हणाला. “फक्त तुम्ही रेडिओवर थुंकता.”

एलिसेंदाला हसू आलं. ते तिने पेल्याआड लपवलं, पण पेला लहान होता.

पुढच्या रविवारी ती पुन्हा त्याच बेकरीत गेली. केक तिथलाच बरा असतो, असं तिने आईला सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तिथलाच बरा निघाला. ‘अहो-जाहो’ कधी गळून पडलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बर्नात काहीही वाचायचा आणि त्याला सगळंच आवडायचं. असा वाचक एलिसेंदाने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

“तू त्या मांजराच्या कादंबरीवर रडलास?” ती ओरडलीच.

“शेवटी ते मांजर दारात येऊन बसतं ना...” त्याचे डोळे आत्ताही ओलावले. “बिचारं.”

“अरे, लेखकाने ते मांजर तिथे तुला रडवायलाच बसवलंय!”

“मग? मी रडलो. त्याचं काम झालं, माझंही झालं. तुला काय त्रास आहे?”

“मला फसवून घ्यायला आवडत नाही.”

“मला आवडतं,” तो म्हणाला आणि त्याने शेवटचा ऑलिव्ह काडीला टोचून तिच्याकडे सरकवला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि तिथेच राहिली. अगदी जरा वेळ. एलिसेंदा त्या वेळी काहीतरी मुद्द्याचं बोलत होती. काय, ते तिला नंतर आठवेना.

आपल्याला काही झालेलं नाही, हे तिने स्वतःला बजावलं. रविवारी दुपारी वेर्मूत प्यायला की कुणाचेही कान तापतात.

एप्रिल उजाडला. एप्रिलात सान जोर्दीचा दिवस येतो. त्या दिवशी पुरुषांनी बायकांना गुलाब द्यायचा, बायकांनी पुरुषांना पुस्तक. आईला द्यायचा, बहिणीला द्यायचा, हापिसातल्या बाईलाही द्यायचा. पण ज्या दोघांचं अजून ठरत नसतं, त्यांचं त्या दिवशी ठरतं. गुलाब आला तर आला, नाही आला तर समजायचं. गावात सगळे असंच समजतात.

त्याच्या आधीच्या गुरुवारसाठी तिने जी कादंबरी निवडली, तिचा शेवट नेमका त्याच दिवशी होतो. नायिका पुस्तकाच्या टेबलामागे उभी, गर्दीतून नायक धावत येतो आणि धापा टाकत तिच्यापुढे लाल गुलाब धरतो. एलिसेंदाने ते प्रकरण अंथरुणात पडून वाचलं आणि ढसाढसा रडली. मग उठून तोंड धुतलं, पुन्हा वाचलं आणि पुन्हा रडली. टेबलामागे तिला ती स्वतः दिसली होती आणि गर्दीत कॉर्डुरॉयचं जाकीट.

ती घाबरली. खरंच घाबरली. आणि घाबरलेला माणूस जे करतो, तेच तिने गुरुवारी रेडिओवर केलं.

“आणि शेवटी,” ती गोड आवाजात म्हणाली, “येतो तो गुलाब. लेखिकेला सुचायचं बंद झालं की फूलवाल्याची पाळी येते. माझ्यासमोर कुणी असा धावत आला ना, तर मी त्याला आधी डोळे तपासायला बसवीन. तेवढीच दुकानाची बोहनी.”

गाव पोट धरून हसलं.

सान जोर्दीला एलिसेंदा दरवर्षी मर्से मावशीच्या पुस्तकांच्या टेबलावर मदतीला असते. मावशीचं पुस्तकांचं दुकान आहे आणि त्या दिवशी ती अख्खं दुकान चौकात मांडते. एलिसेंदाने त्या दिवशी निळा ड्रेस घातला. मावशीने तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. टेबलाखाली कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. ज्या कादंबरीची तिने गुरुवारी रेवडी उडवली होती, तीच. बर्नातसाठी. दुसरं कुठलंही दिलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं. गुलाब आला, की पुस्तक द्यायचं आणि सगळं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. नाही आला तर... तो विचार तिने तिथेच सोडला.

दहाच्या सुमाराला चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. पोलीसबाईंच्या खिशाला गुलाब, बेकरीवालीच्या केसात गुलाब, पोरं काखोटीला मारलेल्या आयांच्या दातांत गुलाब.

आणि बर्नात आला. हातात एक गुलाब. लाल.

एलिसेंदाने उगाचच पुस्तकांची एक चळत उजवीकडून डावीकडे ठेवली.

“मर्से मावशी,” बर्नात म्हणाला, “हा तुम्हाला. एक आईला देऊन आलो, हा तुमचा.”

“मला?” मावशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. “बरं बाबा... सुखी राहा.”

“आणि एलिसेंदा...” तो वळला. हात रिकामे. चेहऱ्यावर हसू, पण ते कसंबसं चिकटवलेलं. “मी मदत करू? खोकी उचलतो?”

“उचल की,” एलिसेंदा म्हणाली. “खोकी जड आहेत.”

त्याने दिवसभर खोकी उचलली. दुपारी अचानक पाऊस आला, तसा तो प्लास्टिक घेऊन टेबलांवर चढला, अन् पुस्तकं झाकता झाकता स्वतः चिंब झाला. लोक आडोशाला पळाले. पाऊस थांबला, लोक आले, पुन्हा पडला, पुन्हा गेले. एलिसेंदा हसत होती, सुट्टे पैसे देत होती, लोकांना कादंबऱ्यांबद्दल मतं सांगत होती. आत मात्र तिला एकच गोष्ट कळत होती. मावशीला गुलाब दिला, मला नाही. सगळ्या गावासमोर.

संध्याकाळी टेबलं आवरायला लागली. बर्नातने शेवटचं खोकं मावशीच्या गाडीत चढवलं, हात झटकले. “बरं... येतो मग.”

“ये,” एलिसेंदा म्हणाली.

तो चार पावलं गेला असेल नसेल.

“मावशीला गुलाब, आणि मला काय रे?” ती ओरडली. “मला काय? खोकी?”

तो थांबला. केसांतून पाणी टपकत होतं. “तूच म्हणालीस ना गुरुवारी...”

“ते ऐकलंस तू?”

“तुझा एकूण एक गुरुवार ऐकतो मी. तळघरात सगळे ऐकतात, मोठ्याने लावून.” त्याने खाली पाहिलं. “घेतला होता गुलाब. मंगळवारीच सांगून ठेवला होता. मग तू ते बोललीस... सगळे हसले, माझ्याकडे बघून हसले, एलिसेंदा. म्हटलं, हा इथे सगळ्यांसमोर धरायचा आणि तू पण हसायचीस... मी एवढा धीट नाही. म्हणून तो मावशीला दिला.”

मर्से मावशीने गाडीचं दार हळूच लावून घेतलं आणि आत बसून राहिली.

“मी हसले नसते,” एलिसेंदा म्हणाली.

“कशावरून?”

“ते प्रकरण वाचून मी रडले होते. तुझ्या मांजरासाठी तू रडलास ना, त्याहून जास्त.”

“मग रेडिओवर ते...”

“रेडिओवर मी शहाणी असते,” ती म्हणाली. “खोटं बोलले मी. भीती वाटली म्हणून.”

तो हळू म्हणाला, “तुझं मत म्हणजे मला प्रमाण असतं गं. मी भांडतो, पण तुझं खरं धरतो. आता कुठलं खरं धरू? गुरुवारचं की आजचं?”

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याला लागलं होतं आणि ते तिच्यामुळे, एवढं तिला स्वच्छ दिसलं. तिने टेबलाखालचं पुस्तक काढलं आणि त्याच्या ओल्या छातीवर दाबलं.

“आजचं,” ती म्हणाली. “हे सकाळपासून तुझ्यासाठी ठेवलंय. माझं प्रेम आहे तुझ्यावर, बर्नात. हे वाक्य कादंबरीत आलं की मी पान उलटते... पण आहे. मला गुलाब हवा होता. लाल, सगळ्यांसमोर, तू धावत येऊन दिलेला. सकाळपासून वाट बघतेय मी.”

बर्नातने पुस्तकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग पुस्तक जाकिटात कोंबलं आणि तिचं मनगट धरलं.

“चल.”

“कुठे?”

“फूलवाले उठायच्या आत!”

ते पळाले. पहिल्या टेबलावर नुसतं ओलं फडकं होतं. दुसऱ्यावर देठ. चौकाच्या पार टोकाला एक जाडी बाई बादल्या उपड्या करत होती.

“लाल संपले,” ती म्हणाली. “एक निळा आहे. रंगात बुडवलेला. वर चमकी मारलीय, तिचे वेगळे पैसे नाहीत.”

तो गुलाब पाहून कुणालाही रडू आलं असतं. बर्नातने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि धास्तावून एलिसेंदाकडे पाहिलं. “हा जरा फारच... उद्या मी चांगला आणतो, खरंच...”

“दे.”

“अगं, पण बघ तरी नीट...”

“बर्नात, दे म्हणते ना!”

त्याने दिला. चमकी तिच्या बोटांना लागली, मग गालाला, आणि पुढे ती बर्नातच्या ओठांनाही कशी लागली, ते तिथल्या फूलवालीने पाहिलं आणि उरलेल्यांनी तिच्याकडून ऐकलं.

दोघं चौकातून परत निघाले. पाऊस थांबला होता आणि सगळं गाव कोपऱ्यावरच्या हॉटेलाबाहेर खुर्च्या पुसून पुन्हा बसलं होतं. तो निळा गुलाब लांबूनही दिसत होता. त्या बसलेल्यांत बर्नातच्या तळघरातले तिघंचौघंही होते.

“काय गं एलिसेंदा!” त्यांतला एक ओरडला. “गुरुवारी तर काय काय बोलत होतीस!”

खुर्च्या वळल्या. बर्नातची बोटं तिच्या हातात घट्ट झाली. अशा वेळी एलिसेंदाजवळ उत्तर तयार असायचं, चांगलं धारदार, सगळे हसतील असं. आत्ताही एक जिभेवर आलंच होतं.

ते तिने गिळलं आणि गुलाब चांगला डोक्याच्या वर धरला.

“चुकलं माझं!” ती ओरडली, पार बेकरीपर्यंत ऐकू जाईल अशी. “साफ चुकलं!”