साहेब जेवत नाहीत

जनावरांच्या दवाखान्यात आमचा नंबर यायला वेळ होता, म्हणून शेजारच्या माणसाने मांडीवर डबा उघडला. त्याच्या पायाशी टोपलीत मांजर, माझ्या पायाशी साहेब. साहेब म्हणजे वडिलांचा म्हातारा कुत्रा. वडील वारल्यापासून साहेबांनी अन्नावरचं मनच काढून घेतलं होतं.

त्या माणसाने दोन घास खाल्ले आणि साहेब उठले... त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभे राहिले. त्याने झाकणात थोडा भात काढून दिला. साहेबांनी झाकण चाटूनपुसून लख्ख केलं.

"काय घातलंय यात?" मी जरा दरडावूनच विचारलं.

"भात, अंडं, भोपळा. मीठ नाही." तो ओशाळला. "मावशीसाठी शिजवतो, तेच मी खातो. दोनदा चूल कोण पेटवणार?"

मावशी म्हणजे टोपलीतली मांजर. स्वतःपुरतं मीठ तो खिशात पुडी करून ठेवायचा. मी कामाला होते त्याच हॉस्पिटलची लिफ्ट दुरुस्त करायला तो येत होता, हेही कळलं. डोळे माझ्यासारखेच, झोपेला आलेले.

घरी असाच उपाशी राहिला तर कुत्रा काही जगायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात दिवसभर उभ्याने चादरींना इस्त्री करून मी घरी आले, पायांचे ओंडके झालेले. तरी त्याने सांगितलं तसंच शिजवलं, भांडं साहेबांपुढे ठेवलं आणि खाटेवर पडले. साहेबांनी वास घेतला आणि मान फिरवली.

तिसऱ्या दिवशी लिफ्टपाशी जाऊन मी त्याच्याकडे तक्रार केली. संध्याकाळी तो डबा घेऊन आला, भांड्याशेजारी जमिनीवर बसून जेवू लागला, आणि साहेब जेवले.

"खरं सांगा, यांना काय करता तुम्ही?"

"सहवासाचा गुण."

"तुमच्या अंगाला तर ग्रीसचा वास येतोय."

"मग त्याचाच गुण असेल."

तो रोज येऊ लागला. मी कामावरून आल्यावर तोंड धुऊन केस नीट करू लागले. कधीकधी तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा, चमचा हातात तसाच. मी त्याला उठवायची नाही... बघत राहायची.

एका संध्याकाळी तो आला नाही. कुठेतरी लिफ्ट अडकली होती. मला भूक लागलेली, पण स्वतःसाठी वेगळं काही करायचं त्राण नव्हतं. साहेबांचं भांडं भरलं आणि उरलेला अळणी भात पातेल्यातूनच खायला जमिनीवर बसले. दुसऱ्या घासाला साहेब आले आणि भांड्यात तोंड घातलं. मी थांबले, ते थांबले. मी खाल्लं, त्यांनी खाल्लं.

वडील असेच जमिनीवर बसून जेवायचे, साहेब शेजारी. ते गेल्यापासून, हा डबा घेऊन येईपर्यंत, या घरात कोणी जेवलंच नव्हतं. मी बाहेर चहा-पाव खाऊन यायची, भांडं ठेवायची आणि पडायची. साहेब जेवणार कुणाबरोबर?

साहेब वाचले. आता त्याला बोलवायचं कशासाठी? दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना एक चादर जाळली. गप्प राहावं, असं फार वाटलं. पण इतका दमलेला माणूस रोज एवढे जिने चढून येतो...

तो आल्यावर डबा उघडायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझी सुटका झाली," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

"हो. तुम्ही दमता... आता कशाला उगीच."

तो उठला. दारात एक चप्पल पायात घातली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेबांचं झालं. तुम्ही जेवाल ना?"

हो म्हणायला ओठ उघडले होते.

"नाही," मी म्हणाले. "मला एकटीला जात नाही."

तो मागे वळला. मग पायातली चप्पल काढली.

"साहेब... मावशीला राहू देतील इथे?"

"विचारून बघा," मी म्हणाले आणि दुसरं ताट आणायला उठले.